पाटीवरचं घड्याळ

अंबिका : सही नंतर करते. आधी मला सांग, हे यंत्र खरंच सोमवारी उचलणार?

कल्पना : हो ताई. नवी बारा मशीनं आली आहेत, खोक्यांत पडून आहेत. एचओडी सर म्हणाले, पागनीस सरांच्या घरचं कुणी आलं की सामान देऊन टाक आणि हा कोपरा खाली कर. म्हणून तुम्हाला इंदूरला फोन लावला. बघून घ्या. ही बॅग, हा मफलर, हा चष्मा. डबा मी धुऊन ठेवलाय.

अंबिका : डब्यात काही होतं?

कल्पना : अर्धी पोळी आणि लोणचं.

अंबिका : अर्धी पोळी नेहमीच उरायची, आई गेल्यापासून. कुत्र्यासाठी ठेवली म्हणायचे. सिंहपुरीतल्या एकाही कुत्र्याने ती कधी खाल्ली नाही.

कल्पना : ताई, त्या खुर्चीवर बसवत नसेल तर ही घ्या.

अंबिका : याच खुर्चीवर बसते. त्यांची 'पाटी' यातच आहे?

कल्पना : यात आहे, आणि फ्लॉप्यांवर पण आहे. चालू करून दाखवू? तुम्ही कधी पाहिली नाही?

अंबिका : नाही. घरी यायचे तेव्हा हातात कागद असायचे, रेघा मारलेले. मी विचारायची नाही, ते सांगायचे नाहीत. आमचं तसंच होतं.

कल्पना : बघा. इतकाच वेळ लागतो. बाजारातली कम्प्युटर चालवणारी सिस्टिम लाखो ओळींची असते, आत काय चाललंय काही कळत नाही. सरांनी तीन हजार ओळींत स्वतःची लिहिली. कळ दाबली की अक्षर पडद्यापर्यंत कसं पोचतं, एकाच मशीनवर चार कामं पाळीपाळीने कशी चालतात, सगळं उघडं. पोरांनी वाचावी, मोडावी, परत बांधावी. म्हणून नाव पाटी. मीसुद्धा हिच्यावरच शिकली, आता हिच्यावरच शिकवते.

अंबिका : हे काय आलं? 'paati kori aahe. liha.'

कल्पना : चालू झाली की हेच म्हणते. आणि काही बिघडलं की म्हणते, 'haat kaadha'.

अंबिका : मी पहिल्यांदा पोळ्या लाटत होते तेव्हाही हेच म्हणाले होते. हात काढ. याच आवाजात.

कल्पना : आवाज नाहीये ताई, मशीन तर गप्प आहे.

अंबिका : तुला येत नसेल ऐकू.

कल्पना : येतो. खोटं कशाला बोलू. संध्याकाळी एकटी असले की मी हा पडदा बंदच ठेवते.

अंबिका : कल्पना, सामान तू कुणाबरोबरही पाठवू शकली असतीस. मी आले ते एक विचारायला. तू रोज त्यांच्याबरोबर होतीस. नाना विसरत होते का?

कल्पना : असं का विचारता?

अंबिका : कारण ते विसरतात असं मी सरकारला लिहून दिलं होतं. सही करून.

कल्पना : ते माहीत आहे. सगळ्या कॉलेजला माहीत आहे.

अंबिका : मग कारणही माहीत असेल. नोव्हेंबरात राज्याचे दोन तुकडे झाले आणि कर्मचारी वाटपाच्या यादीत नानांचं नाव छत्तीसगढ़कडे गेलं. सत्तावन्नाव्या वर्षी, एकटा माणूस. ते हसत होते. म्हणाले, 'ग्वाल्हेर संस्थानात जन्मलो, मध्यभारतात शाळेत गेलो, मध्यप्रदेशात नोकरी केली, आणि घराचा उंबरा एकदाही बदलला नाही. राज्यंच येऊन जायची. आता पहिल्यांदा मला जायला सांगतात.' मला हसू येत नव्हतं. त्यांनी स्कूटर फ्रीगंजमध्ये सोडून पायी घर गाठलं होतं. मला दोनदा विनोदिनी म्हणाले होते, आईचं नाव. त्यांना इथेच ठेवा म्हणून मी वैद्यकीय कारणावर अर्ज केला, त्यांना न सांगता. तुमच्या एचओडींनी पत्र दिलं, तेही जोडलं.

कल्पना : त्या पत्रात काय होतं, तुम्ही वाचलं होतं?

अंबिका : शब्द न् शब्द. 'साध्या गोष्टींत चुका करतात. त्यांच्या प्रणालीतलं घड्याळ चुकीचं आहे आणि दाखवून दिलं तरी बरोबर आहे असा हट्ट धरतात.' तेच वाक्य मी अर्जातही उतरवलं. अर्जाची प्रत त्यांच्या हातात पडली आणि त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. अठरा जानेवारीला गेले तोवर.

कल्पना : ताई, त्या घड्याळाचंच तुम्हाला दाखवायचं होतं. म्हणून तर मी सामान पाठवलं नाही. 'का?' तुम्हाला माहीत आहे?

अंबिका : काय का?

कल्पना : सरांची पद्धत होती. जुलैत नवी बॅच आली की पाटीत कुठेतरी एक ओळ बदलायची, ऐकायला एकदम विचित्र. आणि बाजूला एवढंच लिहायचं, 'का?' वर्षभर कुणाला उत्तर सांगायचं नाही. प्रिन्सिपल आले तरी नाही. जो शोधेल त्याला पोहे-जलेबी. माझ्या वर्षी मी शोधलं होतं.

अंबिका : या वर्षी?

कल्पना : या वर्षी घड्याळ होतं. ही बघा, जुलैत पोरांना वाटलेली वही. संपूर्ण पाटी छापून स्पायरल केलेली. ही ओळ. मशीनच्या घड्याळातून सोळाशे सोळा सेकंद वजा करा. आणि बाजूला?

अंबिका : का?

कल्पना : आता गंमत बघा. गंमत नाही, सॉरी. डिस्कवर सरांच्या हातची जी शेवटची प्रत आहे, तिच्यात सोळाशे सोळा नाही, अठराशे आहे. आणि 'का?' पुसलाय. महिनाभर मी हीच ओळ बघत होते आणि मनात म्हणत होते, एचओडी सरांचं बरोबर होतं. पागनीस सर गडबडलेच होते.

अंबिका : मग?

कल्पना : मग परवा पाटी चालू केली आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी लावून बघितली. अठराशे सेकंद म्हणजे अर्धा तास मागे पाहिजे ना? ती होती सत्तावीस मिनिटं मागे. लिहिलंय एक, चालतंय दुसरं.

अंबिका : असं होतं?

कल्पना : होतं. लिहिलेली ओळ परत बांधावी लागते, मग ती चालते. सरांनी ओळ बदलली, पण बांधली नाही. म्हणजे ही जी चालू आहे ना, ती जुलैचीच पाटी आहे. सोळाशे सोळावाली.

अंबिका : आणि सोळाशे सोळा म्हणजे काय?

कल्पना : त्यासाठी मला वेधशाळेत जावं लागलं. सर प्रत्येक बॅचला न्यायचे, जंतरमहालला, त्या मोठ्या सावलीच्या घड्याळापाशी. सावलीची वेळ आणि हातातली वेळ लिहून घ्या म्हणायचे. जुळायची कधीच नाही. आम्हाला वाटायचं, जुनं दगडी घड्याळ, चुकत असेल. चूक आपल्या हातातल्या घड्याळाची असते, ताई. मतलब, चूक नाही. ते साऱ्या देशाचं घड्याळ आहे, मिर्झापूरच्या बाजूने जाणाऱ्या रेषेचं. सूर्य तिथून आपल्या डोक्यावर यायला सव्वीस मिनिटं छप्पन सेकंद घेतो. करा सेकंद.

अंबिका : सोळाशे… सोळा.

कल्पना : पाटी उज्जैनची वेळ ठेवत होती. एकदम पक्की. ज्या वर्षी सरांना उज्जैन सोडा म्हणणार होते, त्या वर्षी. पण जुलैत तर यादी आली नव्हती, म्हणजे असंच मनात आलं असेल. सरांचं काय.

अंबिका : आणि एचओडींनी विचारलं तेव्हा इतकं सांगता आलं नाही त्यांना?

कल्पना : सेमिस्टर चालू होतं ना. उत्तर अजून कुणी आणलं नव्हतं.

अंबिका : मला तरी सांगायचं.

कल्पना : तुम्ही विचारलं होतं?

अंबिका : नाही. मी लिहून दिलं होतं.

कल्पना : मला तसं म्हणायचं नव्हतं, ताई.

अंबिका : तू बरोबर म्हणालीस. म्हणजे ते ठीक होते. घड्याळ बरोबर होतं.

कल्पना : घड्याळ तरी. स्कूटरचं मला माहीत नाही.

अंबिका : थांब. ही पाटी चालू आहे ती जुलैची, असं म्हणालीस. मग त्या दिवशीही हीच चालू होती?

कल्पना : हो.

अंबिका : त्या दिवशी पडद्यावर शेवटची ओळ चार एकतीसची होती. एचओडींनी ती वाचून डॉक्टरांना सांगितली, डॉक्टरांनी साडेचार लिहिलं. मृत्यूच्या दाखल्यावर साडेचार आहे.

कल्पना : ताई, त्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहणार? पाटीत 'नोंद' म्हणून एक फाईल आहे, आपण जे लिहितो ते वेळेसकट तिच्यात उतरतं. ती पण पाटीच्याच घड्याळाने.

अंबिका : पत्र मी जोडलं. हे घड्याळ चुकतं असं मी लिहिलं. आणि दोन महिने याच घड्याळावर विसंबून झोपले. एवढी साधी बेरीज केली नाही, कारण करायची नव्हती.

कल्पना : कसली बेरीज?

अंबिका : पावणेपाचला आमच्या ग्रंथालयाची घंटा होते. घंटा झाली आणि मी इथे फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्यांना तपासायला समिती येणार होती. मला म्हणायचं होतं, नाना, चुकलं, अर्ज मागे घेते. पूर्ण वाजला. परत लावला, परत पूर्ण वाजला. रात्री कळलं की ते साडेचारलाच गेले. मला वाटलं… सुटले. फोन वाजला तेव्हा ते नव्हतेच. उचलला नाही असं झालंच नाही.

कल्पना : आणि आता चार एकतीसमध्ये सत्तावीस…

अंबिका : ते होते. इथे, या खुर्चीत. आणि फोन तो तिथे, दाराजवळच्या भिंतीवर. वीस पावलंही नाहीत.

भय्यासाहेब : चहा घ्या बिटिया, गरम आहे. कल्पना मॅडम, तुमचा बिनसाखरेचा. अरे, हे काय, रडवलं का हिला? सामान द्यायला बोलावलं होतं की रडवायला?

अंबिका : भय्यासाहेब, तुम्ही किती वर्षं आहात या लॅबमध्ये?

भय्यासाहेब : साहेबांच्या आधीपासून शिपाई आहे इथे. हे कम्प्युटर नव्हते, टाइपरायटर होते, तेव्हापासून. चपला बाहेर काढायचा नियम माझाच आहे.

अंबिका : अठरा तारखेला पावणेपाचला तुम्ही कुठे होता?

भय्यासाहेब : चहा थंड होईल.

अंबिका : भय्यासाहेब.

भय्यासाहेब : दारात, स्टुलावर.

अंबिका : फोन वाजला होता?

भय्यासाहेब : बिटिया, तेराव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, एक बरं झालं, फोन वाजला तेव्हा नाना नव्हतेच. तुझी मावशी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मी काय बोलणार होतो? की नाही बाई, होते? इतका का मी दगड आहे?

अंबिका : आता बोला.

(भय्यासाहेब स्टूल ओढून दारापाशी ठेवतात, त्या दिवशी होतं तिथे, आणि बसतात. अंबिका फोनकडे बघत नाही.)

भय्यासाहेब : फोन वाजला. साहेबांनी खटखट काहीतरी लिहिलं आणि उठले.

कल्पना : 'thamb' लिहिलं असणार. जागेवरून उठताना सर नेहमी तेच लिहायचे, चहाला जा, फोनला जा. पाटी थांबून राहते. परत आलं की 'chal'.

भय्यासाहेब : ते तुमचं तुम्ही जाणो. आले, फोनवर हात ठेवला, आणि उभे. मी म्हटलं, साहेब, उचला ना. म्हणाले, अंबूचा असेल. मी म्हटलं, मग तर उचलाच. म्हणाले, तिचा आवाज ऐकला तर सांगून टाकीन. मी म्हटलं, काय? म्हणाले, घड्याळ बरोबर आहे म्हणून.

अंबिका : मग?

भय्यासाहेब : बंद झाला. परत वाजला. हात तसाच. मी म्हटलं, पोरीवर इतका राग ठीक नाही. तर माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काही येड्यासारखं बोललो. म्हणाले, 'राग कसला, भय्यासाहेब? उद्या समिती आली आणि घड्याळ बरोबर निघालं, तर माझ्या पोरीची सही खोटी ठरते. तिचीही सरकारी नोकरी आहे.' मला खाक काही कळलं नाही. घड्याळ बरोबर निघालं तर चांगलंच ना? परत जाऊन बसले. मी गेलो कँटीनला चहा आणायला. तिथे दूध संपलेलं. साडेपाच वाजले मला यायला. ते तुला माहीत आहे.

अंबिका : कल्पना, ती नोंद काढ.

कल्पना : ताई, आज राहू द्या.

अंबिका : काढ.

कल्पना : चार अठरा, thamb. हा पहिला फोन. म्हणजे तुमच्याकडे पावणेपाच.

अंबिका : पुढे.

कल्पना : चार बावीस, chal. चार तेवीस, घड्याळाची फाईल उघडली. चार एकोणतीस, बदलून ठेवली.

अंबिका : सहा मिनिटं. एका आकड्याला?

कल्पना : एक आकडा आणि 'का?'

अंबिका : नाना कधी चुकत नव्हते का, पाटीत?

कल्पना : खूप चुकायचे. वर्गात कबूल पण करायचे. पण सरांची चूक अशी सरळ नसायची, शोधायला आठवडा लागायचा. अर्धा तास ही सरांची चूकच नाही. विसरणारा माणूस कशी चूक करेल, ते बसून विचार करून लिहिलंय.

भय्यासाहेब : मतलब, जाणूनबुजून बिघडवलं?

कल्पना : समिती येणार, ओळ बघणार, अर्ध्या तासाची चूक, कारण काही नाही. पागनीस सर विसरतात, हे सिद्ध. आणि ताईंची सही खरी.

भय्यासाहेब : आणि मी म्हटलं, पोरीवर इतका राग ठीक नाही.

अंबिका : तुम्ही चहा घ्या, भय्यासाहेब.

भय्यासाहेब : मला नको.

अंबिका : नवीन यंत्रांवर पाटी चढवणार आहात?

कल्पना : चढवणार. एचओडी सर म्हणतात, ती ओळ काढून टाका, शून्य करा, सगळ्या जगासारखी वेळ दाखवा. मी अजून काही केलं नाही. तुम्हाला विचारायचं होतं. सरांची शेवटची प्रत अठराशेवाली आहे.

अंबिका : सोळाशे सोळा लिही.

कल्पना : ताई, तुमचा अर्ज फाईलला आहे. घड्याळ बरोबर होतं असं मी उद्या लेखी दिलं तर…

अंबिका : तर मी खोटं लिहिलं होतं असं होईल. ते खरंच आहे. तू लेखी दे. मीही देते, आजच्याच तारखेचं.

कल्पना : सरांनी इतकं करून…

अंबिका : त्यांनी बांधलं नाही. तूच म्हणालीस, बांधल्याशिवाय ते चालत नाही. लिहिलं तेवढं मला पुरे आहे. आणि बाजूला 'का?' लिही. पोरं शोधतील.

कल्पना : लिहिलं. बांधू?

अंबिका : बांध.

कल्पना : झालं. घ्या, हीसुद्धा सोबत न्या, जुलैची वही. माझ्याकडे दुसरी आहे.

भय्यासाहेब : कल्पना मॅडम, ते ठेवून दिल्यावर काय केलं साहेबांनी? तुमच्या त्या नोंदीत?

कल्पना : बांधायलाच घेणार असतील. पण पुढे एकच ओळ आहे. चार एकतीस, thamb. बस. त्यानंतर chal नाही.

भय्यासाहेब : म्हणजे उठले होते. तरीच. मला सापडले ते खुर्चीत नाही, इथे, या दारापाशी. सगळे म्हणाले, घरी निघाले असतील. तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. बॅग खुर्चीवर, चष्मा टेबलावर. घरी निघालेला माणूस चष्मा विसरतो का? आणि समिती उद्या, काम अर्धवट, इतक्या घाईने उठायला झालं काय?

कल्पना : चार एकतीस म्हणजे खरे चार अठ्ठावन्न.

अंबिका : हो. पाचची बस लागली होती. स्टँडवरच्या बूथमधून मी तिसऱ्यांदा फोन लावला होता.